सौनाचें लांकूड : साग कां नको?

आमच्या एका जुन्या वर्गणीदारांच्या घरांत सध्यां लांकडावरून मतभेद उत्पन्न झाला आहे. घर पुण्यांतलें, एकत्र कुटुंबाचें. धाकटे चिरंजीव गेलीं कांहीं वर्षें फिनलंड देशांत नोकरीस असून तेथें एका सरोवराच्या कांठीं त्यांनीं लहानसें उन्हाळी घर घेतलें आहे. त्या घराशेजारीं सौना बांधावयाचा आहे, आणि पुढील उन्हाळ्यांत वडील मंडळी व नातवंडें अशीं सारीं तेथें जावयाचीं आहेत. मामंजींचें म्हणणें असें कीं, बांधावयाचें तर एकदांच, आणि तें सागाचें; आपल्या वाड्याचे सागवानी खांब शंभर वर्षें उभे आहेत. तेथील सुताराचें म्हणणें, साग मुळींच नको, आस्पेन घ्या. आस्पेन हें लांकूड मामंजींनीं पाहिलेलें नाहीं. परंतु युरोपांत त्याच्या आगकाड्या करीत आले आहेत एवढें कानावर आल्यापासून त्यांचें मत अधिकच पक्कें झालें आहे. धाकट्या सूनबाईंनीं आम्हांस पत्र लिहून विचारिलें आहे कीं, या वादांत खरें कोणाचें? प्रश्न एका घरचा असला तरी हल्लीं ज्यांचीं मुलें उत्तरेकडील देशांत गेलीं आहेत अशीं घरें आमच्या वाचकांत थोडीं नाहींत. म्हणून त्याचा विचार येथें जरा विस्तारानें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम सौना म्हणजे काय तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. शब्द फिन लोकांचा आणि वस्तुहि त्यांचीच. फिनलंडची लोकसंख्या अवघी ५५-५६ लाख, आणि तेवढ्या लोकांत सौना तीस लाखांच्या आसपास आहेत असें मानितात. शहरांतील इमारतींतहि सामायिक सौना असतो व प्रत्येक बिऱ्हाडास आठवड्यांतून एक ठराविक तास वांटून दिलेला असतो. शनिवार हा परंपरेचा स्नानवार. पूर्वीं शेतकरी नव्या जागीं गेला म्हणजे आधीं सौना बांधी, त्यांतच राही, आणि मग सवडीनें घर उभारी. बाळंतपणें तेथें होत, आणि मृताचें अखेरचें स्नानहि तेथेंच घालीत. २०२० सालीं युनेस्कोनें फिनलंडच्या या सौना-परंपरेची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादींत केली. खोली लहान व लांकडी. एका कोपऱ्यांत भट्टी. भट्टीवर दगडांची रास. समोर पायऱ्यापायऱ्यांच्या बैठका. दगड खूप तापले कीं त्यांवर पळीनें पाणी टाकावयाचें. त्यासरशीं वाफेची जी लाट उठून अंगावर येते तिला तेथें ‘लॉयल्यू’ असें नांव आहे. हंगेरियन भाषेंतील ‘आत्मा’ या अर्थाचा शब्द याच मुळापासून निघाला आहे, असें भाषाशास्त्रज्ञ सांगतात. फिन माणूस सौनाविषयीं बोलतांना एकदम गंभीर कां होतो हें त्यावरून थोडें कळावें.

घाम काढण्याचें शास्त्र आपणांस नवें नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील चौदावा अध्याय सबंध स्वेदनाचाच आहे. त्यांत तेरा प्रकार सांगितले असून ‘जेन्ताक’ नांवाच्या प्रकारासाठीं वाटोळी, मातीनें लिंपलेली, पुष्कळ खिडक्यांची खोली बांधण्यास सांगितलें आहे. मध्यें मातीची भट्टी, भिंतीलगत सभोंवार एक अरत्नि रुंद व तितकाच उंच बसण्याचा ओटा, आणि भट्टींत खैराचें किंवा अश्वकर्णाचें जळण, असा हा सौनाचा सख्खा भाऊच दिसतो. परंतु दोन गोष्टींत तो अगदीं निराळा आहे. बाहेर आल्यावर एकदम थंड पाण्यास शिवूं नये, डोळ्यांस अपाय होतो, असें चरक बजावतो. फिन माणूस तर तडक सरोवरांत उडी घेतो, आणि हिंवाळ्यांत त्यासाठीं बर्फ फोडून ठेवितो. दुसरा भेद आमच्या आजच्या विषयाचा आहे. जेन्ताकांत बसावयाचें तें मातीच्या ओट्यावर, आणि लांकडाची निवड करावयाची ती केवळ जाळण्यासाठीं. सौनांत मात्र बसणें, टेकणें, पाय ठेवणें, सारें लांकडावर आणि तेंहि उघड्या अंगानें. यामुळें लांकूड कोणतें हा प्रश्न तेथें शोभेचा राहत नाहीं, कातडीचा होतो.

वरच्या बैठकीजवळील हवा ८० ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत, केव्हां केव्हां त्याहूनहि अधिक तापलेली असते. इतक्या कढत पाण्यांत बोट बुडविलें तर तत्काळ पोळेल; मग त्याच उष्णतेस तापलेल्या फळीवर माणूस पंधरा मिनिटें सुखानें बसतो तें कसें? याचें उत्तर आपल्या अंगणांतच मिळेल. वैशाखांतल्या दुपारीं उन्हांत एक लोखंडी खुर्ची आणि तिच्याशेजारीं एक लांकडी पाट ठेवावा. दोहोंवर ऊन सारखेंच पडतें. तथापि खुर्चीस हात लावतां येत नाहीं, आणि पाट नुसता ऊनऊन लागतो. पदार्थ किती तापला यापेक्षां तो आपली उष्णता कातडीस किती झपाट्यानें देतो यावर भाजणें अवलंबून असतें. लोखंड ती एकदम देतें. लांकूड हात आंखडून देतें. परंतु लांकडालांकडांतहि फरक आहे. हलक्या लांकडांत हवेच्या सूक्ष्म पोकळ्या फार, म्हणून त्यांतून उष्णता मंद गतीनें येते. जड लांकडांत भरीवपणा फार, म्हणून ती साठतेहि अधिक आणि येतेहि लौकर. सागाचें वजन घनमीटरास सुमारें ६५० किलो भरतें. आस्पेन व स्प्रूस हीं ४५० च्या आसपास. आणि बैठकांसाठीं पश्चिम आफ्रिकेंतून जें आबाची नांवाचें लांकूड नेतात तें तर ३८० च्या सुमाराचें. सुतारानें साग नको म्हटलें त्याचें पहिलें कारण हें.

येथें मामंजी विचारतील कीं, असलें पोंचट लांकूड टिकणार किती? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर देतांना आम्ही सागाचा अधिक्षेप करणार नाहीं. लांकूड कुजण्यास किती दाद देतें यावरून युरोपांत त्याचे पांच वर्ग पाडले आहेत. जंगली साग त्यांत पहिल्या वर्गांत बसतो. आस्पेन पांचव्या, म्हणजे अगदीं शेवटच्या वर्गांत. १८१७ सालीं मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्याच्या कारागिरांनीं सागाचें बांधलेलें ‘ट्रिंकोमाली’ जहाज इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजहि पाण्यावर तरंगत आहे. आस्पेनचें जहाज कोणी बांधलें असतें तर तें मालकाच्या डोळ्यांदेखत कुजून गेलें असतें. पण सौनाची वरची बैठक म्हणजे जहाज नव्हे. तीवर घाम पडतो, वाफ लागते हें खरें. परंतु प्रत्येक स्नानानंतर भट्टीच्या उरलेल्या धगीनें ती खडखडीत वाळते. कुजविणाऱ्या बुरशीस सतत ओल लागते, आणि ८०-९० अंशांची धग तिला सोसत नाहीं. ज्या गुणासाठीं सागाचे दाम मोजावयाचे त्या गुणाची तेथें गरजच पडत नाहीं. आणि त्याच्या जडपणाचा त्रास मात्र प्रत्येक शनिवारीं सोसावा लागतो. शिवाय सागाच्या अंगचें तेल व त्यांतील कांहीं द्रव्यें कित्येकांच्या कातडीस मानवत नाहींत. सागाच्या भुशानें अंगास पुरळ उठणारे सुतार आपल्याकडेहि आढळतात. तापलेल्या व घामेजलेल्या अंगाशीं त्याचा रोजचा संबंध आणणें आम्हांस शहाणपणाचें वाटत नाहीं.

आतां सौनाची खोली एकजिनसी नसते ही गोष्ट नीट ध्यानांत घेतली पाहिजे, कारण बहुतेक चुका ती विसरल्यानें होतात. छताखालीं ९० अंश असले तरी जमिनीलगत तीसचाळीसच असावयाचे. वर धग फार, ओल थोडी. खालीं धग थोडी, ओल फार. म्हणून सबंध खोलीस एकच लांकूड शोधीत बसण्यांत अर्थ नाहीं. अंग लागतें तेथें एक, भिंतीस दुसरें, आणि पाणी साचतें तेथें तिसरें, असा विचार करावा. पैसे कमी असतील तर ते कोठें खर्चावयाचे हेंहि याच विचारानें ठरतें: बैठकीवर सढळ हातानें, भिंतीवर बेतानें.

बैठकीसाठीं फिनलंडांत जीं लांकडें विशेष वापरतात त्यांत आस्पेन व आल्डर हीं प्रमुख. आस्पेनला तेथील भाषेंत ‘हापा’ म्हणतात. त्याच्या पानांचे देंठ चपटे असल्यामुळें वारा नसल्यासारखा असतांनाहि पानें पिंपळाच्या पानांसारखीं थरथरत राहतात. लांकूड फिक्या रंगाचें, जवळजवळ बिनवासाचें. त्यांत राळ नाहीं, आणि त्याच्या कुसळ्या सहसा निघत नाहींत. लहान मुलें जेथें उघडीं बसावयाचीं तेथें या शेवटल्या गुणाचें मोल विशेष आहे. दोष म्हणावा तर घामाचे डाग त्याच्या पांढऱ्या अंगावर लौकर दिसतात. आल्डर, म्हणजे ‘लेप्पा’, हें तांबूस छटेचें व दिसण्यांत अधिक देखणें; राळ त्यांतहि नाहीं. तें किंचित् जड आहे, पण त्रास होण्याइतकें नाहीं. पाण्यांत सतत बुडून राहिलें तर आल्डर पुष्कळ टिकतें, आणि भिजणें-वाळणें आळीपाळीनें चालू राहिलें तर मात्र लौकर नासतें. यासाठीं तें जमिनीलगत कधींच घालूं नये. आबाची सर्वांत हलकें आणि अंगास सर्वांत सौम्य. परंतु तें हजारों मैलांवरून आणावयाचें, आणि इतकें मऊ कीं नखाचा ओरखडाहि उमटतो. घराजवळ आस्पेन मिळत असतां आफ्रिकेंतील जंगलाकडे हात पसरावा असें आम्हांस तरी वाटत नाहीं.

पाइन व स्प्रूस हीं फिनलंडचीं घरचीं झाडें. त्या देशाची सुमारें तीन चतुर्थांश भूमि अरण्यानें व्यापलेली असून त्यांत यांचाच भरणा मोठा. पाइन म्हणजे आपल्या हिमालयांतील चिडाचा भाऊबंद; स्प्रूसहि त्याच विस्तृत कुळांतला. दोन्ही स्वस्त, सरळ आणि कामास सोपीं. पण दोहोंत राळ असते, पाइनमध्यें फार आणि स्प्रूसमध्यें कमी. थंडपणीं ही राळ आंत निमूटपणें बसलेली असते. भट्टी पेटली कीं ती पातळ होऊन बाहेर येते, फळीवर थेंब धरितात, आणि असा तापलेला चिकट थेंब पाठीस लागला म्हणजे तो पुसतांहि येत नाहीं व चटका देत राहतो. गांठींचेंहि तसेंच आहे. फांदी जेथून फुटलेली असते तेथील गांठ भोंवतालच्या लांकडाहून पुष्कळ भरीव असते. सबंध फळी सोसवेल अशी असली तरी ती एवढीशी गांठ निखाऱ्यासारखी लागते. यावरून नियम उघड निघतो: बैठक, पाठीमागची टेकण, पाय ठेवण्याची पायरी आणि हाताचा कठडा, येथें राळेचें व गांठींचें लांकूड बिलकूल नको, समोरच्या भिंतीवर व छतावर गांठींचा स्प्रूस खुशाल असूं द्यावा. फिनलंडांतील असंख्य जुन्या सौनांच्या भिंती स्प्रूसच्याच आहेत, आणि तापल्यावर त्यांतून जो रानाचा मंद वास सुटतो तो कित्येकांस लॉयल्यूइतकाच प्रिय असतो.

भिंत लांकडाचीच कां, फरशीची कां नको, असेंहि कोणी विचारील. फरशी धुण्यास सोपी असते. पण फरशीस पाणी शोषतां येत नाहीं. दगडांवर पाणी टाकल्यावर वाफ फरशीवर आदळून थेंब धरिते, आणि खोलींत एक प्रकारचा झोंबरा दमटपणा राहतो. लांकूड तीच वाफ थोडी पिऊन घेतें व मग हळूहळू सोडितें; त्यामुळें वाफेची लाट मऊ होते. जुने लोक ओंडक्यांच्या भिंतीच्या सौनाची एवढी थोरवी गातात तिच्या मुळाशीं हेंच कारण आहे. मात्र लांकडाच्या या पिण्यासाठीं त्यास मोकळा श्वास हवा. भिंतीच्या फळ्या साधारण १५ मिलिमीटर जाडीच्या, एकीची जीभ दुसरीच्या खांचेंत बसणाऱ्या असतात. त्यांच्यामागें अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचा पातळ पडदा, आणि फळी व पडदा यांमध्यें दोनएक सेंटिमीटर हवेची पोकळी ठेवितात. ही पोकळी ठेवण्याचा कंटाळा केला तर फळी मागून ओली व पुढून कोरडी राहते आणि वर्षांत वांकडी होते. रंग, पॉलिश किंवा रोगण यांचा हात भिंतीस लावूं नये आणि बैठकीस तर नाहींच नाहीं. तापल्यावर रोगणाची वाफ नाकांत जाते आणि फळीचा श्वास बंद होतो. बैठकीवर डाग पडूं नयेत म्हणून शुद्ध पॅराफिन तेलाचा पातळ हात देण्याची चाल आहे, तेवढी पुरे. सरसानें जोडलेले पातळ पापुद्र्यांचे तक्ते किंवा भुशाचे दाबलेले तक्ते स्वस्त मिळाले तरी आंत आणूं नयेत. आणि कीड लागूं नये म्हणून औषध मुरविलेलें हिरवट लांकूड बाहेरच्या पायऱ्यांपुरतें ठीक. तापल्या खोलींत त्यास जागा नाहीं.

अमेरिकेंत सौनासाठीं ज्याची फार वाहवा होते तें ‘लाल सीडर’ येथें वगळून चालणार नाहीं. नांव सीडर असलें तरी तो आपला देवदार नव्हे. कॅनडा व अमेरिका यांच्या पश्चिम किनाऱ्यावरचें तें थुजा जातीचें झाड असून आपल्या बागेंतील मोरपंखी त्याची जवळची नातलग. लांकूड फार हलकें, सुगंधी, आणि अंगच्या द्रव्यांमुळें कुजण्यास चांगलें दाद न देणारें. म्हणजे हलकेपणा व टिकाऊपणा हे दोन्ही गुण त्यांत एकत्र आले आहेत. मग तेंच कां घेऊं नये? सुगंध तापल्यावर इतका उग्र होतो कीं कित्येकांस डोकें धरल्यासारखें वाटतें, आणि हें लांकूड कापणाऱ्या गिरण्यांतील कामगारांस त्याच्या भुशापासून दमा जडतो हें वैद्यकांत सिद्ध झालेलें आहे. तयार बैठकीवर बसणाऱ्यास तेवढें भय नाहीं. पण घरांत दम्याचें माणूस असेल, आणि एकत्र कुटुंबांत एखादें असतेंच, तर फळ्या जागेवर कापूं-रंधूं देऊं नयेत. फिनलंडांत बांधणाऱ्यास तें दूरदेशचें व महाग पडणार हें वेगळेंच.

१९९० नंतरच्या दशकांत फिनलंडांतील संशोधकांनीं लांकूड भाजण्याची एक रीत बसविली, तिचाहि आतां तेथें मोठा प्रसार आहे. वाफेच्या संरक्षणाखालीं लांकूड दोनशें अंशांच्या आसपास तापवितात. त्यांतील राळ निघून जाते, रंग कॉफीसारखा होतो, आणि पुढें तें ओल फारशी शोषीत नाहीं. त्यामुळें फुगणें-आकसणें पुष्कळ कमी होतें व कुजणेंहि लांबतें. अशा रीतीनें भाजलेलें आस्पेन किंवा आल्डर बैठकीस उत्तम. परंतु भाजल्यानें लांकूड ठिसूळ होतें, म्हणून बैठकीखालचे तोलाचे वासे त्याचे करूं नयेत. ते साध्या लांकडाचे असावे. आमची आणखी एक सूचना आहे. सौनांत उजेड नेहमींच मंद ठेवितात. मंद उजेडांत काळपट पायरीवर काळपट पायरी म्हाताऱ्या डोळ्यांस दिसत नाहीं. ज्या घरीं सत्तरीच्या मंडळींनीं चढावयाचें आहे तेथें पायरीची निदान कड तरी फिक्या आस्पेनची असावी. किंबहुना वडील मंडळींनीं व लहान मुलांनीं खालच्या बैठकीवरच बसावें हें उत्तम. म्हणून खालची बैठकहि वरच्या इतकीच रुंद व चांगल्या लांकडाची करावी, ती उरल्यासुरल्या फळ्यांची करूं नये.

जमिनीविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. पूर्वीं तेथें फळ्या असत. आतां बहुधा उताराची फरशी करून वर सुट्या पट्ट्यांची जाळी टाकितात व स्नानानंतर ती उचलून उभी करितात. या जाळीस भाजलेलें पाइन किंवा पाइनच्या गाभ्याचें लांकूड चालतें. मामंजींस सागाचा कांहीं अंश कोठें तरी असावाच असें वाटत असेल तर तो येथें, पायांखालीं, घालण्यास आमची हरकत नाहीं. धग तेथें पोंचत नाहीं आणि सागाचा खरा गुण तेथें कामास येतो.

आतां ज्यांना भिंतीहि ओंडक्यांच्याच करावयाच्या असतील त्यांच्यासाठीं दोन शब्द. उत्तरेकडील लॅपलंडांत पाइनचें झाड मेल्यावरहि कित्येक दशकें उभेंच राहतें. साल गळून पडते, खोड वाऱ्याथंडीनें वाळून रुपेरी करडें होतें. याला ‘केलो’ म्हणतात. त्यास जें कांहीं वांकावयाचें, तडकावयाचें तें सारें उभ्याउभ्याच होऊन गेलेलें असल्यामुळें त्याची भिंत पुढें हलत नाहीं. ताज्या ओंडक्यांची भिंत मात्र वाळतांना कित्येक सेंटिमीटर खचते, आणि दाराखिडक्यांच्या वर तेवढी जागा मोकळी सोडावी लागते. केलोचें मोल त्यामुळें फार वाढलें आहे. परंतु हीं उभीं मेलेलीं खोडें किती तरी पक्षी, कीटक व दुर्मिळ अळंबीं यांचा आश्रय असतात, आणि एक तोडलें तर दुसरें तयार होण्यास शतकें लागतात. ज्या घरास पाइनचे साधे, नीट वाळविलेले ओंडके मिळूं शकतात त्यानें केलोचा हव्यास धरूं नये असें आमचें मत आहे.

लांकूड चांगलें मिळालें तरी बसविण्यांत तें बिघडूं शकतें. बैठकीच्या फळ्या सुमारें २८ मिलिमीटर जाड असाव्या व फार रुंद नसाव्या. लांकूड आडवें आकसतें, उभें जवळजवळ नाहीं, म्हणून रुंद फळी तडकते आणि अरुंद फळी सांवरून घेते. दोन फळ्यांमध्यें बोटभर फट ठेवावी, म्हणजे पाणी निथळतें व हवा खेळते. खिळ्याचें किंवा मळसूत्राचें डोकें वर कोठेंहि उघडें राहूं नये, कारण लोखंडी खुर्चीची गोष्ट वर सांगितलीच आहे. मळसूत्रें खालून मारावीं आणि तीं न गंजणारीं असावीं. यांत दुसराहि फायदा आहे. बैठकीच्या फळ्या कालांतरानें काळवंडतात व बदलाव्या लागतात. खालून बसविलेली फळी सांगाडा न हलवितां काढतां येते.

भट्टीजवळच्या लांकडाविषयीं मात्र कसलीहि काटकसर किंवा धिटाई चालावयाची नाहीं. नवें लांकूड सहजासहजीं पेट घेत नाहीं. परंतु तेंच वर्षानुवर्षें धगीजवळ भाजत राहिलें म्हणजे आंतून कोळशासारखें होतें आणि पूर्वींपेक्षां कमी उष्णतेंतहि पेटूं शकतें. दहा वर्षें कांहीं झालें नाहीं म्हणून अकराव्या वर्षीं होणार नाहीं असें यांत नाहीं. भट्टी करणारा कारखाना भिंत, छत व कठडा यांपासून जें अंतर लिहून देतो तें बोटभरहि कमी करूं नये, आणि जागा अपुरी असेल तर मध्यें न जळणाऱ्या द्रव्याचा पडदा हवेची पोकळी ठेवून उभा करावा. स्नानगृहांत ओले कपडे व पंचे वाळत घालण्याची आपली संवय तेथें नेऊं नये. भट्टीवर कपडा पडून आगी लागल्याचे प्रकार तेथें अनोळखी नाहींत. भट्टी लांकडांवर चालणारी असेल तर जळणास भूर्जाच्या कुळांतलें बर्च, तेथील ‘कोइवू’, उत्तम. त्याची धग चांगली आणि साल लगेच पेटते. स्प्रूसचें जळण तडतडून ठिणग्या फेंकतें. ज्यांत धुरांडें नसतें अशा जुन्या धूर-सौनांस आल्डर पसंत करितात. बर्चच्याच कोंवळ्या डहाळ्यांची जुडी करून अंगावर हलकेच मारण्याची चाल आहे. पश्चिम फिनलंडांत तिला ‘विहता’ म्हणतात, पूर्वेस ‘वस्ता’, आणि खरा शब्द कोणता यावर तेथील लोक आपल्या पुणें-नागपूरकरांइतक्याच हिरिरीनें भांडतात.

फळ्या विकत घेतांना सूनबाईंनीं स्वतः वखारींत जावें. आस्पेनची फळी उचलून पाहावी. आकाराच्या मानानें ती हलकी लागली पाहिजे. दोन्ही बाजू उजेडांत धराव्या, कारण गांठ पुष्कळदां मागच्या बाजूस असते आणि रंधल्यावर पुढें येते. हाताचा तळवा उलटसुलट फिरवून कुसळ लागत नाहीं ना तें पाहावें. मग फळ्या घरीं आणून, मध्यें पट्ट्या घालून, आठदहा दिवस सुक्या खोलींत रचून ठेवाव्या, आणि त्या तेथल्या हवेस सरावल्यावरच सुतारास बोलवावें. काम झाल्यावर पहिल्या दिवशीं कोणींहि आंत बसावयाचें नाहीं. भट्टी हळूहळू तापवावी, दार उघडें ठेवावें, आणि फळ्यांत कोठें राळ किंवा कुसळ्या वर आल्या असतील तर त्या थंडपणीं खरवडून बारीक कागदानें घांसून घ्याव्या.